लेझर डोळ्यात गेला तर धोका किती? आकडेमोड कशी करायची आणि ती कुठे फसते

प्रश्न असा आहे: ५३२ नॅनोमीटरचा हिरवा पॉइंटर आहे, त्यावर ५ मिलिवॉट असे लेबल आहे. शिवाय कोरीवकामासाठी ४५० नॅनोमीटरचा ५ वॅटचा निळा डायोड लेझर आहे. किती अंतरावर डोळा सुरक्षित राहतो, आणि चष्मा किती ओडीचा घ्यावा (ओडी म्हणजे काच प्रकाश दहाच्या कितव्या घाताने कमी करते तो आकडा)?

आधी आकडे देतो, मग ते कसे आले ते. पॉइंटरचे लेबल खरे असेल तर साधारण १५ मीटरच्या पुढे ओझरता किरण डोळ्यात गेला तरी तो डोळ्याला चालणाऱ्या मर्यादेत असतो. आत पॉइंटर ५० मिलिवॉटचा निघाला तर हेच अंतर ५० मीटर होते. निळ्या लेझरचा किरण एखाद्या गुळगुळीत धातूवरून उसळला तर ५ मीटरपर्यंत तो पाव सेकंदातच मर्यादा ओलांडतो. कामाच्या ठिकाणी पडलेल्या निळ्या ठिपक्याकडे ३० सेंटिमीटरवरून उघड्या डोळ्यांनी बघत राहिलात, तर साधारण १ सेकंदात मर्यादा संपते. चष्मा ४५० नॅनोमीटरला ओडी ६ चा घ्या.

सगळा हिशोब एका भागाकारावर उभा आहे: डोळ्यापर्यंत किती पोहोचते, भागिले किती चालते. ‘किती चालते’ याला कमाल अनुज्ञेय संपर्क म्हणतात, बोलताना एमपीई. हे आकडे आयईसी ६०८२५-१ या मानकात (तिसरी आवृत्ती २०१४ची) आणि अमेरिकेच्या एएनएसआय झेड१३६.१ मध्ये मिळतात. दोन्हींत किरकोळ फरक आहेत, पण खालच्या उदाहरणांना त्यांनी काही बिघडत नाही.

४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दृश्य प्रकाशासाठी, काही मायक्रोसेकंदांपासून १० सेकंदांपर्यंत, नियम असा आहे:

मर्यादा (जूल प्रति चौरस मीटर) = १८ × वेळेचा ०.७५ वा घात

वेळ ०.२५ सेकंद घेतला की ६.३६ जूल येतात. त्याला ०.२५ ने भागले की २५.५ वॅट प्रति चौरस मीटर. ०.२५ सेकंद का? तेज असह्य झाले की माणूस पापणी मिटतो किंवा मान वळवतो, त्याला तेवढा वेळ लागतो असे गृहीत धरले आहे. या गृहीतकावर फार विसंबू नका. प्रत्यक्ष प्रयोगांत बऱ्याच लोकांची पापणी लेझरच्या प्रकाशाने मिटलीच नाही. दारू, काही औषधे किंवा ‘बघू या किती वेळ बघता येते’ अशी पोरांची पैज असली की पाव सेकंदाचा आधार उरत नाही.

आता ७ मिलिमीटरचे छिद्र. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते, म्हणून रेटिनाला (डोळ्यामागच्या पडद्याला) पोहोचणाऱ्या तरंगलांबींसाठी सगळी मोजणी ७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सरासरी काढून करतात. त्याचे क्षेत्रफळ ०.००००३८५ चौरस मीटर. २५.५ ला त्याने गुणा, ०.९८ मिलिवॉट येते. लेझरचे धोक्यानुसार वर्ग पाडतात, चौथा सर्वांत धोक्याचा; त्यातल्या दुसऱ्या वर्गाच्या लेझरची १ मिलिवॉटची सीमा आली ती इथूनच.

पहिली चूक इथेच होते. किरण १ मिलिमीटर जाड असतो, म्हणून लोक शक्तीला १ मिलिमीटरच्या वर्तुळाने भागतात आणि ४९ पट फुगलेला आकडा घेऊन घाबरतात. किरण बाहुलीपेक्षा बारीक असेल तर तो सगळाच्या सगळा आत जातो, मग तो १ मिलिमीटर असो की ३. शक्तीला ७ मिलिमीटरच्या क्षेत्रफळानेच भागायचे. याची दुसरी बाजू अशी की किरण बाहुलीपेक्षा रुंद होईपर्यंत अंतर वाढवून काहीच हाती लागत नाही. १ मिलिरेडियन फैलावाचा, म्हणजे दर मीटरला १ मिलिमीटर रुंदावणारा, पॉइंटर अर्ध्या मीटरवर असो की ४ मीटरवर, डोळ्याला तितकाच.

रेटिना इतकी हळवी का, हेही यातच आहे. ७ मिलिमीटरच्या छिद्रातून आलेला समांतर किरण डोळ्याचे भिंग १० ते २० मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर आणते. क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले तर तीव्रता लाखपटीच्या घरात वाढते. त्वचेला जाणवतही नाही एवढा किरण रेटिनावर डाग पाडतो तो यामुळे. ठिपका नेमका पिवळ्या बिंदूवर, म्हणजे मॅक्युलावर, पडला तर वाचणे आणि चेहरे ओळखणे जाते. कडेला पडला तर माणसाला वर्षानुवर्षे पत्ताही लागत नाही.

धोक्याचे अंतर, म्हणजे एनओएचडी, असे काढतात:

अंतर = [ वर्गमूळ (४ × शक्ती ÷ (३.१४ × मर्यादा)) − सुरुवातीचा व्यास ] ÷ फैलावाचा कोन

शक्ती वॅटमध्ये, मर्यादा वॅट प्रति चौरस मीटरमध्ये, व्यास मीटरमध्ये आणि कोन रेडियनमध्ये घ्या. मिलिरेडियनचे रेडियन करायला विसरणे ही नित्याची चूक आहे. उत्तर हजारपट चुकते, त्यामुळे निदान लगेच लक्षात तरी येते. ५ मिलिवॉट, १ मिलिरेडियन, १ मिलिमीटर व्यास: कंसात ०.०१५८ मीटर येते, त्यातून ०.००१ वजा करून ०.००१ ने भागले की १४.८ मीटर. ५० मिलिवॉटला ४९ मीटर. शक्ती दहापट झाली तरी अंतर सुमारे तिप्पटच वाढले, कारण शक्ती वर्गमुळात आहे. फैलाव मात्र वर्गमुळाबाहेर आहे. म्हणून ‘किती मिलिवॉट’ यापेक्षा ‘किती मिलिरेडियन’ हे दुप्पट काळजीने मोजा. पॉइंटरपुढे किरण-विस्तारक लावून फैलाव निम्मा केला की धोक्याचे अंतर जवळपास दुप्पट होते, आणि शक्तीमापकाला त्याची गंधवार्ताही नसते.

फैलावाच्या आकड्यात एक खाच आहे. उत्पादक बहुतेक वेळा व्यास आणि कोन ‘एक भागिले ई-वर्ग’ पातळीवर देतात, म्हणजे तीव्रता मध्याच्या १३.५ टक्के होते तिथपर्यंत. सुरक्षेच्या सूत्राला ‘एक भागिले ई’ पातळीचा आकडा लागतो, ज्या वर्तुळात ६३ टक्के शक्ती सामावते तो. गॉसियन (मध्यात तीव्र, कडेकडे हळूहळू मंदावणाऱ्या) किरणासाठी पहिल्याला १.४१४ ने भागले की दुसरा मिळतो. ते न करता तसाच आकडा घातला तर किरणाच्या मध्याची तीव्रता निम्मी दिसते आणि धोक्याचे अंतर १.४१४ पटीने कमी येते. चूक धोक्याच्या बाजूला झुकते, म्हणून ती मुद्दाम सांगितली. माहितीपत्रकात पातळी लिहिलेलीच नसेल तर ई-वर्ग समजून भागा. अंतर मोठे येईल, येऊ द्या.

फैलाव स्वतः मोजायचा तर दोन अंतरांवर, समजा २ आणि १० मीटरवर, पात्याची धार किरणात हळूहळू सरकवा आणि मागे शक्तीमापक ठेवा. मापकावर ८४ टक्के आणि १६ टक्के दिसते त्या दोन जागांमधले अंतर १.४१४ ने गुणले की हवा तो व्यास मिळतो. दोन व्यासांतला फरक भागिले ८ मीटर, हा कोन. कागदावर ठिपका पाडून पट्टीने मोजू नका. तेजस्वी ठिपका डोळ्याला नेहमीच खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, त्यामुळे फैलावही मोठा वाटतो आणि धोका उगाच कमी भासतो.

शक्तीच्या लेबलाबद्दल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१३मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचे जाहीर केले. त्यातले हिरवे सुमारे ९० टक्के आणि लाल सुमारे ४४ टक्के तिथल्या नियमांत बसत नव्हते. हिरव्यांचे प्रमाण इतके जास्त असण्याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. आत ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकाला चेतवतो, तो १०६४ नॅनोमीटर देतो आणि दुसरा स्फटिक त्याचे ५३२ करतो. पुढे अवरक्त अडवणारी काचेची चकती हवी. पैसे वाचवायला ती गाळली की हिरव्यासोबत ८०८ आणि १०६४ बाहेर पडतात. हिरवा मंद दिसतो म्हणून माणूस बिनधास्त असतो आणि न दिसणारा भाग रेटिनावर जमतो. साध्या सिलिकॉन फोटोडायोडच्या मापकावर ५३२ निवडून हे मोजले तर आकडा निरर्थक येतो, कारण त्याची संवेदनशीलता तरंगलांबीगणिक बदलते. उष्णतेवर चालणारा थर्मोपाइल मापक सगळे मिळून खरे सांगतो. आधी तसेच मोजा, मग अवरक्त अडवणारा फिल्टर मध्ये घालून मोजा. फिल्टरचे हिरव्यातले नुकसान जमेस धरून जो फरक उरेल ती गळती. मापकासमोर ७ मिलिमीटरचे छिद्र, उगमापासून १०० मिलिमीटरवर, ही मानकाची मांडणी. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या आणि निदान काही मिनिटे आकडा बघत राहा. स्वस्त हिरवे पॉइंटर तापमानाबरोबर दुपटीने वरखाली होताना दिसतात. हिशोबात सर्वांत मोठा आकडा घ्यायचा.

निळ्या लेझरचे प्रकरण वेगळे आहे. ५ वॅट ७ मिलिमीटरवर पसरले तरी १,३०,००० वॅट प्रति चौरस मीटर होतात, म्हणजे पाव सेकंदाच्या मर्यादेच्या ५,१०० पट. पण इथे किरण समांतर नसतो. भिंग तो एका बिंदूवर आणते आणि त्यापुढे तो भराभर पसरतो. भिंगावर किरण ४ मिलिमीटर आणि नाभीय अंतर ४० मिलिमीटर असेल तर पसरण्याचा कोन ०.१ रेडियन. सूत्रात घाला: ०.५ भागिले ०.१, म्हणजे ५ मीटर. सपाट चकचकीत धातूवरून उसळलेल्या किरणालाही हेच लागू, कारण आरसा कोन बदलत नाही. डायोडचा किरण चौकोनी किंवा लंबगोल असतो. दोन दिशांचे कोन वेगळे असतील तर दोन्हींचे भूमितीय माध्य घ्या.

लाकूड किंवा पुठ्ठ्यावरून विखुरलेल्या प्रकाशाचा हिशोब याहून सोपा:

तीव्रता = परावर्तन × शक्ती ÷ (३.१४ × अंतराचा वर्ग)

परावर्तन १ धरा. जळके लाकूड बरेच कमी परावर्तित करते हे खरे, पण पहिल्या फेरीत पांढरा कागदच असतो. ३० सेंटिमीटरवर १७.७ वॅट प्रति चौरस मीटर येतात. हे २५.५ च्या खाली आहे, म्हणून पाव सेकंदाच्या निकषात ‘पास’. इथेच लोक थांबतात आणि फसतात. कोरीवकाम बघणारा माणूस पापणी मिटत नाही, तो ठिपक्याकडे टक लावून असतो. मग वेळेचा प्रश्न उलटा विचारायचा: १७.७ ला किती वेळ चालेल? १८ गुणिले वेळेचा ०.७५ वा घात बरोबर १७.७ गुणिले वेळ, हे सोडवले की १.०७ सेकंद.

अंतर वाढवले की निळ्याची दुसरी मर्यादा डोके वर काढते. आखूड तरंगलांबी रेटिनाला तापवून नव्हे, तर रासायनिक क्रियेने इजा करते आणि ती मात्रा साठत जाते. ४५० नॅनोमीटरला १० ते १०० सेकंदांसाठी एकूण १०० जूल प्रति चौरस मीटर आणि १०० सेकंदांपुढे १ वॅट प्रति चौरस मीटर एवढीच सूट आहे. १ मीटरवरून ५ वॅटचा विखुरलेला ठिपका १.५९ वॅट देतो, म्हणजे ६३ सेकंद. दिवसभर त्या ठिपक्याकडे बघायचे असेल तर १.२६ मीटर. प्रत्यक्षात कोणी एवढा वेळ नजर न हलवता बघत नाही, हे मान्य. तरी काम अर्धा तास चालते आणि इजा त्या वेळी दुखत नाही. म्हणूनच अशा यंत्राला चष्म्याआधी झाकण हवे आणि झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच हवा.

चष्म्याचा हिशोब: थेट किरणाची तीव्रता भागिले मर्यादा, त्याचा १० च्या पायाचा लॉगरिदम. पाव सेकंदाच्या मर्यादेने ३.७, १० सेकंदांच्या १० वॅट मर्यादेने ४.१ आणि १ वॅटच्या दीर्घ मर्यादेने ५.१. नेहमी वर पूर्णांक करा, म्हणून ६. चष्म्यावर ओडी आणि तरंगलांबीचा पट्टा दोन्ही छापलेले हवेत. नुसते ‘लेझर ग्लासेस’ असे लिहून काही कळत नाही. नारिंगी काच निळा आणि हिरवा अडवते, पण ८०८ आणि १०६४ आरपार जाऊ शकतात; गळक्या हिरव्या पॉइंटरला ती अपुरी ठरते ती यामुळे. ओडी किती क्षीण होते एवढेच सांगते, काच किती वेळ टिकते ते नाही. काही वॅटचा किरण एका बिंदूवर आला की प्लास्टिक वितळून भोक पडते. युरोपच्या ईएन २०७ मानकातली एलबी श्रेणी ही थेट किरण सोसण्याची चाचणी असते, म्हणून चौथ्या वर्गाच्या लेझरला ओडीसोबत एलबीही बघा. ईएन २०८ चे चष्मे किरण जुळवून घेण्याच्या कामासाठी असतात. त्यांतून ठिपका मुद्दाम मंद दिसू दिला जातो. पूर्ण संरक्षण म्हणून ते वापरू नका.

अदृश्य किरणांकडे वळू. ४०० ते १४०० नॅनोमीटर हा सगळा पट्टा रेटिनापर्यंत जातो. १०६४ ला दीर्घ मर्यादा ५० वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे दृश्याच्या पाचपट सैल. म्हणून ते कमी धोक्याचे, असे समजू नका. दिसतच नाही तर पापणी मिटणार कशी? पाव सेकंदाची सूट इथे लागू नाही, निदान १० सेकंद धरायचे. १४०० च्या पुढे पाणी प्रकाश शोषते, किरण कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातच, अडतो आणि एकवटण्याचा लाखपटीचा हिशोब संपतो. १५५० ला दीर्घ मर्यादा १,००० वॅट प्रति चौरस मीटर, छिद्र ३.५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १० मिलिवॉट. याच कारणाने या लेझरना ‘आय-सेफ’ म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही. २ वॅटचा १५५० कॉर्निया भाजतोच.

स्पंदित, म्हणजे प्रकाश तुटक झटक्यांत देणाऱ्या, लेझरमध्ये सरासरी शक्ती बघणारा माणूस हमखास चुकतो. उदाहरण घ्या: १०६४ नॅनोमीटर, ५ नॅनोसेकंदांचे स्पंद, प्रत्येकी १० मिलिजूल, सेकंदाला १०. सरासरी फक्त ०.१ वॅट. पण अशा स्पंदाची मर्यादा ०.०२ जूल प्रति चौरस मीटर आहे, म्हणजे ७ मिलिमीटरमधून ०.७७ मायक्रोजूल. एकच स्पंद मर्यादेच्या १३,००० पट आहे. अस्तर नसलेल्या काचेचा एक पृष्ठभाग ४ टक्के परत फेकतो. तो परतलेला ०.४ मिलिजूलसुद्धा ५२० पट भरतो. फैलाव अर्धा मिलिरेडियन आणि व्यास ६ मिलिमीटर असेल तर धोक्याचे अंतर १.६ किलोमीटरच्या आसपास जाते. इतक्या कमी वेळात उष्णता पसरायला सवडच मिळत नाही. ऊती स्फोटासारखी फाटते आणि रक्तस्राव होतो. हिशोब दोन्ही अंगांनी करा, एका स्पंदाचा आणि सरासरीचा, आणि जो कडक येईल तो धरा. आयईसी मानकाची जुनी आवृत्ती स्पंदांच्या संख्येनुसार मर्यादा आणखी घटवत असे, २०१४च्या आवृत्तीने बिंदूसारख्या उगमांसाठी ती घट बरीच सैल केली. पण ७०० नॅनोमीटरच्या आतल्या लघुस्पंदांची मर्यादा तिने ०.००५ वरून ०.००२ जूल प्रति चौरस मीटरवर आणून कडक केली. जुन्या तक्त्याने केलेले मूल्यमापन म्हणून पुन्हा तपासावे लागते.

दुर्बीण, थिओडोलाइट (सर्वेक्षणात कोन मोजायचे यंत्र) किंवा कॅमेऱ्याचे प्रकाशीय व्ह्यूफाइंडर मध्ये आले तर वरचे सगळे आकडे मोडतात. ७×५० ची दुर्बीण ५० मिलिमीटरमधून प्रकाश गोळा करून बाहुलीत ओतते, तीव्रता सुमारे ५० पट आणि धोक्याचे अंतर सातपट. १५ मीटरचे १०० मीटरच्या वर जाते. लेझरच्या वर्गापुढे ‘एम’ हे अक्षर असते ते याच कारणाने: उघड्या डोळ्यांना चालेल, भिंगांतून नको.

एमपीई ही इजेची सीमारेषा नव्हे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत निम्म्या वेळा डाग दिसतो त्या मात्रेच्या ती साधारण दहापट खाली ठेवलेली असते, काही ठिकाणी हे अंतर याहून कमी आहे. म्हणून ‘मर्यादेच्या दीडपट गेले’ आणि ‘मर्यादेच्या पाचशेपट गेले’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. खरोखर ५ मिलिवॉट असलेला पॉइंटर क्षणभर डोळ्यावरून गेला तर बहुतेक वेळा काही मिनिटे डोळ्यासमोर डाग तरंगतो आणि जातो. कायमच्या इजेच्या नोंदी मुख्यतः हट्टाने टक लावणाऱ्यांच्या किंवा लेबलापेक्षा कितीतरी जास्त शक्तीच्या पॉइंटरच्या आहेत. उलट दिपण्याचा त्रास इजेच्या कितीतरी पुढे पोहोचतो. त्याच ५ मिलिवॉट, १ मिलिरेडियनच्या किरणाची तीव्रता १ वॅट प्रति चौरस मीटरवर यायला ८० मीटर लागतात, आणि वाहन चालवणाऱ्याचे डोळे दिपवायला तेवढी तीव्रता पुरते.

किरण डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू नका आणि लेझर बंद करा. एकेक डोळा झाकून चौकड्यांच्या कागदावर मधल्या ठिपक्याकडे बघा. रेषा वाकड्या, तुटक किंवा पुसट दिसल्या, किंवा डाग तासाभरानंतरही तसाच असला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि रेटिनाच्या ओसीटी तपासणीबद्दल (प्रकाशाने रेटिनाचे थर दाखवणारे चित्रण) विचारा. लेझर स्पंदित किंवा अदृश्य असेल, तर लक्षणे नसली तरी जा. बरोबर लिहून न्या: तरंगलांबी, शक्ती किंवा स्पंदाची ऊर्जा व कालावधी, अंतर, किरण थेट होता की परावर्तित, किती वेळ, कोणता डोळा, चष्मा होता का. डोळ्याच्या डॉक्टरांना हे आकडे क्वचितच मिळतात, आणि जुना डाग व नवा डाग यांतला फरक ठरवताना त्यांना नेमके तेच लागतात.